आबे द लेपे : कर्णबधिरांचे फादर, कर्णबधिरांचे दुभाषी



पॅरिस शहरात साधारण १७६० साली घडलेली ही गोष्ट आहे. एक मध्यमवयीन धर्मगुरू काही कामानिमित्त एका घरी गेले. घरची बाई बाहेर गेली होती. आत दोन तरुण मुली मान खाली घालून शिवणकाम करत बसल्या होत्या. फादरांनी चौकशी केली. उत्तर नाही. पुन्हा विचारले, जरा मोठ्याने विचारले. मुलींनी वरसुद्धा पाहिले नाही. फादरांना नवल वाटले, आणि थोडा रागही आला असावा. इतक्यात आई परतली आणि तिने रडत रडत सगळा उलगडा केला. मुली जुळ्या होत्या आणि दोघींनाही ऐकू येत नव्हते. फादर व्हानँ नावाचे एक धर्मगुरू त्यांना संतांची आणि शुभवर्तमानातील प्रसंगांची चित्रे दाखवून धर्मशिक्षण देत असत. ते नुकतेच वारले होते. आता या मुलींना देवाविषयी कोण सांगणार, ही त्या आईची चिंता होती.

या फादरांचे नाव शार्ल-मिशेल द लेपे. फ्रेंच लोक धर्मगुरूंना आबे म्हणतात, म्हणून जग त्यांना आबे द लेपे या नावाने ओळखते. या मुली देवाची ओळख न होताच जगतील आणि मरतील, या विचाराने त्यांना चैन पडेना. त्यांनी त्या दोघींना शिकवायचे ठरवले. त्यांना खुणांची भाषा येत नव्हती. बहिऱ्यांना कसे शिकवतात याचे ज्ञान नव्हते. हाताशी होते एक मोडलेले आयुष्य आणि भरपूर वेळ.

मोडलेले आयुष्य असे मी मुद्दाम म्हणतो. २४ नोव्हेंबर १७१२ रोजी व्हर्साय येथे त्यांचा जन्म झाला. वडील राजाच्या बांधकाम खात्यात जाणकार म्हणून नोकरीला होते. घरची परिस्थिती चांगली होती. मुलाला लहानपणापासून धर्मगुरू व्हायचे होते. परंतु त्या काळी फ्रान्सच्या ख्रिस्तसभेत यान्सेन पंथाचा वाद पेटला होता. या पंथाचा निषेध करणाऱ्या एका प्रतिज्ञापत्रावर सही केल्याशिवाय दीक्षा मिळत नसे. तरुण शार्ल-मिशेलचे मन त्या सहीला तयार होईना. दार बंद झाले. मग त्यांनी कायद्याचा अभ्यास केला, वकिलीची सनद घेतली. पण कोर्टात त्यांचा जीव रमला नाही. शेवटी त्र्वा धर्मप्रांताचे बिशप बोस्युए यांनी त्यांना जवळ केले आणि १७३८ साली गुरुदीक्षा दिली. हे बिशप गेल्यावर मात्र जुना वाद पुन्हा डोके वर काढू लागला. पॅरिसमध्ये परतलेल्या या फादरांना पापनिवेदन ऐकण्याची मुभा नाकारण्यात आली. गुरुदीक्षा आहे, पण लोकांचे पापनिवेदन ऐकता येत नाही! कोणाही धर्मगुरूला विचारा, हे किती मोठे दुःख आहे. त्यांच्या यान्सेनवादी कलाची तरफदारी मी करणार नाही, ख्रिस्तसभेने त्याविषयीचा निर्णय केव्हाच दिलेला आहे. पण एवढे खरे की पुढे मनात दडलेले ऐकण्यासाठी हा माणूस शेवटी अशा लोकांकडे गेला, ज्यांचे कोणी ऐकतच नव्हते.

त्या काळी शिकलेल्या लोकांनाही वाटत असे की ज्याला ऐकू येत नाही, त्याला विचार करता येत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हालाही हा विषय थोडाफार भेटला होता. ॲरिस्टॉटलने ऐकण्याचा आणि शिकण्याचा संबंध जोडला होता. जन्मतः बहिऱ्याला वाचा नसते, या अर्थाचे त्याचे विधान पुढे भाषांतरांतून आणि टीकाकारांच्या हातून जाता जाता असे कडक झाले, की बहिरा म्हणजे निर्बुद्ध असाच त्याचा अर्थ लोक लावू लागले. विश्वास ऐकण्याने येतो हे संत पौलाचे वचन आहे. त्यावरून संत अगस्तीन यांनीही बहिरेपण विश्वासाच्या आड येते असे लिहिले. पण त्याच संत अगस्तीननी दुसऱ्या ठिकाणी, हावभावांनी आणि खुणांनी माणसे किती गोष्टी सांगू शकतात, याची दखल घेतली आहे. दुर्दैवाने लोकांनी पहिले लक्षात ठेवले आणि दुसरे विसरले. संत फ्रान्सिस दि सेल्स यांनी मार्टिन नावाच्या एका बहिऱ्या तरुणाला खुणांनी धर्मशिक्षण दिले आणि त्याला पवित्र कम्युनियन दिले. म्हणून आज ते कर्णबधिरांचे आश्रयदाते संत मानले जातात. तरीही हे एका संताने एका माणसासाठी केलेले काम होते. त्याची शाळा झाली नव्हती.

आबे द लेपे यांना वाट सापडली ती त्यांच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात. सोळाव्या वर्षी एका शिक्षकाने त्यांना सांगितले होते की मनातील कल्पना आणि तोंडातून निघणारा आवाज यांच्यात निसर्गाने जोडलेले कोणतेही नाते नाही. झाडाला झाड म्हणायचे हे माणसांनी ठरवले म्हणून म्हणायचे. तेव्हा ती कल्पना कानातून जाण्याऐवजी डोळ्यांतून, लिहिलेल्या अक्षरांतून आणि खुणांतून मनात जायला हरकत काय? वर्गात ऐकलेले एक वाक्य तीस वर्षांनी दोन मुलींच्या उपयोगी पडले. तत्त्वज्ञानाचा काय उपयोग, असे मला नेहमी विचारणाऱ्या आमच्या काही तरुण मित्रांसाठी हे जाता जाता सांगून ठेवतो!

दोन मुलींच्या चार झाल्या, चारांचे चाळीस. मुलीन रस्त्यावरील राहत्या घरातच त्यांनी शाळा उघडली. फी नाही. श्रीमंताचा मुलगा असो की रस्त्यावरचा, जागा एकच. श्रीमंतांना आपण फक्त चालवून घेतो, आपले खरे विद्यार्थी गरीबच, अशी त्यांची वृत्ती होती. पुढे विद्यार्थ्यांची संख्या सत्तरच्या आसपास गेली. हा सारा खर्च वडिलार्जित उत्पन्नातून चालत असे. १७७१ पासून लोकांसमोर जाहीर पाठ होऊ लागले. सरदार, पंडित, परदेशी पाहुणे बघायला येत. १७७७ साली ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा योसेफ स्वतः आला आणि त्याने आपला एक धर्मगुरू शिकायला पाठवला. त्यातून व्हिएन्नाची शाळा निघाली. रशियाच्या महाराणीने देणगी देऊ केली, तेव्हा पैसे नकोत, तुमच्या देशातला एखादा बहिरा मुलगा शिकायला पाठवा, असे त्यांनी कळवल्याचे सांगतात.

त्यांची शिकवण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. बहिऱ्या मुलांना आपापसांत खुणा करताना त्यांनी पाहिले, त्या खुणा शिकून घेतल्या आणि त्यांच्यावर फ्रेंच व्याकरण चढवले. भूतकाळ दाखवायचा असेल तर हात खांद्यावरून मागे टाकायचा. पुल्लिंगासाठी टोपीकडे हात न्यायचा, कारण पुरुष टोपी काढून नमस्कार करतात; स्त्रीलिंगासाठी कानाकडे, कारण बायकांची टोपी तिथवर येते. फ्रेंच भाषेत नामाआधी जे छोटे शब्द येतात, त्यांच्यासाठी बोटांचे सांधे दाखवायचे, कारण हाडे सांध्यांनी जोडलेली असतात तसे ते शब्दांना जोडतात. विश्वास ठेवणे या क्रियापदाची तर त्यांनी चार भागांत फोड केली होती. बुद्धीने होकार, हृदयाने होकार, मुखाने होकार, आणि डोळ्यांनी मात्र दिसत नाही. प्रत्येक होकाराला एकेक खूण आणि शेवटी नकाराची खूण. धर्मशिक्षणाच्या पुस्तकात विश्वासाची यापेक्षा नेमकी व्याख्या मी क्वचितच वाचली आहे.

पण इथेच एक गोष्ट चुकत होती, आणि ती बहिऱ्या लोकांच्या लक्षात आधी आली.

मुले जाहीर पाठात फादरांच्या खुणा पाहून अवघड फ्रेंच वाक्ये बिनचूक लिहून दाखवत. लोक टाळ्या वाजवत. पण ती वाक्ये फादरांची होती. मुलांनी स्वतःच्या मनातले काही लिहावे, असा तो प्रकार नव्हता. सिकार नावाचे एक तरुण धर्मगुरू त्यांच्याकडे शिकून बोर्दो येथे शाळा चालवत होते. त्यांना पाठवलेल्या पत्रात आबे द लेपे यांनी स्वच्छ कळवले होते की ही मुले आपले विचार स्वतः लिहून मांडतील अशी आशा धरू नका, आपल्या भाषेतले त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या भाषेतले आपल्या भाषेत आणले तरी पुष्कळ झाले. इतके प्रेम करणाऱ्या माणसाने इतकी कमी अपेक्षा ठेवावी, याचे वाईट वाटते. वर्ग सुटला, की व्याकरणाच्या त्या खुणा मुले बाजूला ठेवत आणि आपापसांत आपल्या पद्धतीने बोलत. ती त्यांची खरी भाषा होती. तिला सांधे आणि टोप्या लागत नव्हत्या.

१७७९ साली पॅरिसमध्ये एक छोटे पुस्तक छापले गेले. लेखक पिएर देलोझ. धंद्याने पुस्तक बांधणारा कारागीर. सातव्या वर्षी देवीच्या रोगात त्याचे कान गेले. बहिऱ्या माणसाने लिहिलेले आणि छापलेले हे बहुधा पहिलेच पुस्तक. एका धर्मगुरूंनी खुणांच्या भाषेविरुद्ध लिहिले होते, त्यांना हे उत्तर होते. देलोझने त्यात आबे द लेपे यांची बाजू घेतली, त्यांचा मोठा गौरव केला. पण त्याबरोबर हेही सांगितले, की खुणांची भाषा त्या फादरांनी निर्माण केलेली नाही. पॅरिसमधले बहिरे कामगार शाळेचे तोंड न पाहताही आपसांत सर्व विषयांवर खुणांनी बोलतात, आणि ही भाषा तो स्वतः एका अशिक्षित बहिऱ्या नोकराकडून शिकला. म्हणजे उपकार मान्य, पण हक्क आमचा. ऐकू येणाऱ्या हितचिंतकांशी कर्णबधिरांचे नाते तेव्हापासून साधारण असेच राहिले आहे.

आता त्यांच्या आयुष्यातल्या त्या प्रकरणाकडे येतो, ज्याबद्दल भक्तिपर चरित्रांत फार गोडीगुलाबीने लिहिलेले असते.

ऑगस्ट १७७३ मध्ये पॅरिसच्या उत्तरेला पेरॉनकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंगावर चिंध्या असलेला एक मुलगा सापडला. वय अकरा-बाराच्या आसपास. ऐकू येत नाही, बोलता येत नाही. त्याला आधी बिसेत्रच्या अनाथांच्या आणि वेड्यांच्या आश्रमात टाकले, पुढे तो ओतेल-दिय इस्पितळात आला. तिथे आबे द लेपे यांची त्याच्यावर नजर गेली. ते त्याला घरी घेऊन आले, त्याचे नाव योसेफ ठेवले. मुलगा खुणा करून काहीतरी सांगू लागला. फादरांना त्या खुणांतून अर्थ लागला तो असा, की मुलगा मोठ्या घरचा आहे, घरी नोकरचाकर होते, आणि कोणीतरी त्याला मुद्दाम दूर आणून सोडून दिले आहे. पुढे कोणी सांगितले, की तुलूझ शहरात सोलार नावाच्या सरदार घराण्यात असाच एक बहिरा मुलगा होता. मग फादरांची खात्रीच पटली. योसेफ म्हणजे सोलारचा काउंट. वारसा लुबाडण्यासाठी त्याला टाकून दिले!

सरदार घराण्याचे म्हणणे होते की त्यांचा मुलगा देवीच्या रोगाने जानेवारी १७७४ मध्ये वारला. त्याला हवापालटासाठी घेऊन जाणारा काझो नावाचा तरुण कायद्याचा विद्यार्थी होता. त्याला आरोपी करून तुरुंगात टाकण्यात आले, बेड्या घालून पॅरिसला आणण्यात आले. खटला वर्षानुवर्षे चालला. सारे फ्रान्स दोन तटांत विभागले. १७८१ साली न्यायालयाने योसेफला काउंट म्हणून मान्यता दिली आणि काझोला निर्दोष सोडले. पण त्यावर अपील झाले. एक साधी अडचण कोणालाच दूर करता येत नव्हती. रस्त्यावरचा मुलगा ऑगस्ट १७७३ मध्ये सापडला होता; सोलारचा खरा मुलगा सप्टेंबरमध्ये तुलूझहून निघाला होता. एकच मुलगा दोन ठिकाणी असू शकत नाही. जुलै १७९२ मध्ये योसेफचा दावा फेटाळण्यात आला. फादर तेव्हा हयात नव्हते. योसेफ सैन्यात भरती झाला आणि लवकरच मरण पावला. तो कोण होता, कुणाचा होता, हे आजतागायत कोणाला कळलेले नाही.

या प्रकरणात आबे द लेपे खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. त्यांचा एका पैशाचाही स्वार्थ नव्हता. मग झाले काय? विचार करा. तो मुलगा शाळेत कधीच गेलेला नव्हता. त्याच्या खुणा त्याच्या स्वतःच्या होत्या, शाळेतल्या नव्हत्या. त्या खुणांचा अर्थ सांगणारे फादर, त्याचा सांभाळ करणारे फादर, आणि त्याच्या बाजूने लढणारेही फादरच. दुभाषी, पालक आणि वकील एकाच झग्यात! मोठे घर दाखवणारी खूण त्या पोराने नुसते एक दार दाखवण्यासाठी केली असेल, कोण जाणे. प्रश्न विचारताना नकळत उत्तर सुचवले जाते, आणि मूल आपल्या आवडत्या माणसाला खूश करण्यासाठी मान डोलावते. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात हे आपण दर रविवारी पाहतो. माणूस जितका प्रेमळ, तितका हा धोका मोठा, कारण त्याच्याविषयी कोणाला संशय येत नाही. आणि इकडे काझोच्या हातात बेड्या पडल्या होत्या.

गंमत म्हणजे १७९९ साली पॅरिसच्या रंगभूमीवर बुयी या लेखकाने याच प्रकरणावर एक नाटक आणले. त्यात फादरांचाच विजय दाखवला होता. नाटक तुफान चालले. न्यायालयाने सात वर्षांपूर्वी उलटा निकाल दिला होता, याची प्रेक्षकांना पर्वा नव्हती.

फादरांच्या शेवटच्या दिवसांतील एक प्रसंग त्यांचे सर्व चरित्रकार सांगतात. १७८८ चा हिवाळा भयंकर होता. सत्तरी ओलांडलेल्या फादरांनी स्वतःच्या खोलीत शेकोटी पेटवणे बंद केले होते. लाकडाचे पैसे मुलांच्या पोटात गेले पाहिजेत, हा हिशेब. मुलांना हे कळले तेव्हा ती रडत त्यांच्या खोलीत शिरली आणि हातांनी त्यांना विनवू लागली. त्यांनी स्वतःसाठी लाकडे आणायला लावूनच ती तिथून हलली. पुढे कितीतरी दिवस फादर हळहळत राहिले, की आपण आपल्या लेकरांचे पैसे खर्च केले. हा प्रसंग वाचताना मला नेहमी वाटते, या दिवशी मध्ये कोणी दुभाषी नव्हता आणि कोणाचा कोणाविषयी गैरसमजही झाला नाही.

२३ डिसेंबर १७८९ रोजी त्यांचे निधन झाले. बाहेर राज्यक्रांती सुरू झाली होती. संत रोक यांच्या चर्चमध्ये त्यांना मूठमाती देण्यात आली. दीड वर्षाने, जुलै १७९१ मध्ये, राष्ट्रीय सभेने त्यांचे नाव मानवजातीच्या उपकारकर्त्यांत घेतले आणि त्यांची शाळा सरकारने चालवायची ठरवली.

त्यांच्यानंतर शाळेची सूत्रे सिकार यांच्याकडे आली. त्यांचा हुशार विद्यार्थी झाँ मास्य हा स्वतः बहिरा, आईवडिलांची सहाही मुले बहिरी, तेराव्या वर्षापर्यंत मेंढ्या राखणारा. तो शाळेत शिक्षक झाला. क्रांतीच्या धामधुमीत १७९२ साली सिकार तुरुंगात पडले आणि अनेक धर्मगुरूंची कत्तल झाली, तेव्हा आपल्या गुरूच्या सुटकेसाठी अर्ज घेऊन संसदेपुढे गेला तो हा मास्यच. बहिऱ्याने लिहिलेला अर्ज संसदेत वाचला गेला. ही मुले आपले विचार स्वतः लिहू शकणार नाहीत, असे आबे द लेपे यांनी लिहिल्याला दहा वर्षेही झाली नव्हती! मास्यचा शिष्य लोराँ क्लेर १८१६ साली अमेरिकेला गेला. त्याच्यासोबत थॉमस गॅलॉडेट नावाचे ऐकू येणारे धर्मोपदेशक होते. जहाजावर क्लेर त्यांना खुणा शिकवी, ते त्याला इंग्रजी. क्लेरने लिहायचे आणि गॅलॉडेटने लोकांना वाचून दाखवायचे, अशा रीतीने त्यांनी गावोगाव निधी जमवला आणि १८१७ साली हार्टफर्ड येथे शाळा उघडली. एक बहिरा, एक ऐकणारा, आणि दोघांचे काम वाटलेले. ही जोडी पुढे पुन्हा आठवणार आहे.

कर्णबधिर आपल्या या फादरांना विसरले नाहीत. १८३४ च्या नोव्हेंबरात फेर्दिनाँ बर्तिए या बहिऱ्या शिक्षकाने पॅरिसमध्ये त्यांच्या जयंतीनिमित्त मेजवानी भरवली. पुढे ती दरवर्षी भरू लागली. तिथे भाषणे खुणांनी होत. ऐकू येणारे पाहुणे येत, आणि काय चालले आहे हे कळण्यासाठी त्यांनाच कोणाचे तरी साहाय्य घ्यावे लागे. १८५२ साली बर्तिएने आबे द लेपे यांचे चरित्र लिहिले, आणि पुढे फ्रान्सचा दिवाणी कायदा बहिऱ्यांना समजेल अशा रीतीने मांडणारे पुस्तकही प्रसिद्ध केले. कोर्टात उभ्या राहणाऱ्या बहिऱ्या माणसाची काय अवस्था होते, हे त्याला ठाऊक होते.

मग १८८० साल आले. मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी एक इटालियन धर्मगुरू होते. दीडशेच्या वर प्रतिनिधींमध्ये बहिरा फक्त एक. शाळांतून खुणा हद्दपार करून मुलांना तोंडाने बोलायलाच शिकवावे, असे त्यांनी ठरवले. जवळजवळ शंभर वर्षे मुलांचे हात बांधले गेले, काही ठिकाणी अक्षरशः. २०१० साली व्हँकूव्हर येथे याच परिषदेने त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. आपल्या मुंबईत १८८५ साली बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने भारतातील कर्णबधिरांची पहिली शाळा सुरू झाली, ती मिलाननंतर अवघ्या पाच वर्षांनी.

हे सारे आज का सांगायचे? कारण तो जुना प्रश्न मिटलेला नाही. बहिऱ्या माणसाचे म्हणणे आपल्यापर्यंत कोणी आणायचे? आज अनेक देशांत न्यायालयांत आणि इस्पितळांत ऐकू येणाऱ्या दुभाष्याबरोबर कर्णबधिर दुभाषीही नेमतात. ऐकू येणारा न्यायाधीशांचा प्रश्न ऐकून तो खुणांत आणतो. कर्णबधिर दुभाषी तो समोरच्या माणसाला कळेल अशा खुणांत, कधी चित्र काढून, कधी हावभाव करून पोहोचवतो, आणि उत्तर उलट्या वाटेने परत येते. शाळा न पाहिलेला, घरच्याच खुणा जाणणारा माणूस समोर असला, की हे विशेष उपयोगी पडते. योसेफसाठी असे कोणी असते तर!

यावर स्वतः कर्णबधिरांचे मात्र एकमत नाही. पुष्कळांना कर्णबधिर दुभाषी जवळचा वाटतो. ती त्याची जन्माची भाषा आहे, नुसत्या भुवईवरून त्याला कळते, आणि तो आपल्यावर उपकार करतो आहे असे वाटत नाही. काहींना ऐकू येणारा बरा वाटतो. तो आवाजातला राग, थट्टा, टाळाटाळ थेट टिपतो; मध्ये दोन माणसे आली की वेळ जातो आणि अर्थही गळतो. शिवाय कर्णबधिरांचे जग लहान असते. आज जो तुमचे बोलणे सांगतो, तो उद्या तुमच्या मित्राच्या लग्नात पंगतीला शेजारी बसतो. गुपित परक्याकडे राहिलेले बरे, असे त्यांना वाटते. बहिऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या, ऐकू येणाऱ्या मुलांवर पुष्कळांचा विश्वास असतो, पण ते मूल लहान असेल तर आईच्या आजाराविषयी डॉक्टर काय म्हणतात ते त्यानेच आईला सांगायचे, हे त्याच्यावर किती ओझे! एका गोष्टीवर मात्र सगळे एक आहेत. दुभाषी कोण असावा हे त्यांना विचारून ठरवावे.

मी स्वतः या बाबतीत चुकलेलो आहे. धर्मगुरू होऊन फार वर्षे झाली नव्हती. लग्नाआधीच्या चौकशीसाठी एक कर्णबधिर तरुण आला, सोबत मोठा भाऊ. नियमाप्रमाणे मी विचारले, की तो स्वतःच्या इच्छेने लग्नाला तयार आहे का. भावाने दोन-तीन खुणा केल्या. तरुण काही वेळ हात हलवत राहिला. बराच वेळ. मग भाऊ माझ्याकडे वळून हो म्हणाला. एवढ्या लांब उत्तराचा एवढा लहान हो कसा झाला, हे मी विचारले नाही. फॉर्मवर हो लिहिले. तो तरुण काय सांगत होता, हे मला आजही ठाऊक नाही.

ख्रिस्तसभेच्या कायद्यात याविषयी स्पष्ट तरतूद आहे, ती मला तेव्हाही पाठ होती. कलम ११०६ सांगते, की विवाह दुभाष्यामार्फत होऊ शकतो, परंतु दुभाषी विश्वासू आहे अशी खात्री झाल्याशिवाय धर्मगुरूने त्याला उपस्थित राहू नये. कलम ९९० प्रमाणे पापनिवेदनही दुभाष्यामार्फत करता येते, आणि कलम ९८३ प्रमाणे त्या दुभाष्यालाही गुप्ततेचे बंधन असते. आपल्या धर्मग्रामात कोणा कर्णबधिर बंधुभगिनीला कुमसारासाठी किंवा लग्नाच्या चौकशीसाठी यायचे असेल, तर मध्ये कोण हवे ते त्यांनी स्वतः मला लिहून कळवावे. घरचेच माणूस आणले पाहिजे असे नाही. कर्णबधिर दुभाषी हवा असेल तर तसे कळवा, ऐकू येणारा परका हवा असेल तर तसे. आणि कोणीच नको असेल, तर कागद आणि पेन माझ्याकडे आहे; कागद लगेच जाळला जाईल.

जाता जाता एक बातमी, जी आपल्यापैकी काहींनी वाचली असेल. २ मे २०२४ रोजी केरळमधील त्रिशूर येथे होली क्रॉस संघाचे योसेफ थेर्माडम यांना गुरुदीक्षा देण्यात आली. भारतातील ते पहिले कर्णबधिर धर्मगुरू. मिस्साबलिदान ते खुणांच्या भाषेत अर्पण करतात. आबे द लेपे यांना पापनिवेदन ऐकण्याची मुभा नव्हती. या फादरांसमोर पापनिवेदनाला बसणारा कर्णबधिर आपल्या हातांनी सगळे सांगतो, आणि त्या दोघांच्या मध्ये तिसरे माणूस लागत नाही.